तीच बिअर, तेच दुकान, चव मात्र दर वेळी वेगळी. असं का?

सातपूर_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. रोजच्यासाठी एकच माइल्ड लागर (कमी अल्कोहोलची, नेहमीची सोनेरी बिअर) ठरलेली आहे. ६५० मिलीची हिरवी बाटली, लेबलवर ४.८ टक्के अल्कोहोल. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'अमुक भारी की तमुक' यातच संपेल. दुकान तेच, फ्रिज तोच. तरी एक बाटली झकास निघते, पुढचीला लसणासारखा उग्र वास येतो, तिसरी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. कधी चव ठीक असते, पण फेस अर्ध्या मिनिटात बसतो.

दोष बनवणाऱ्याचा, दुकानाचा की घरचा, हे ओळखायचं कसं? एप्रिल-मेमध्ये पेटी आणून घरी ठेवावी की लागेल तशी आणावी? ग्लिसरीन काढल्याने खरंच काही फरक पडतो का? आणि 'पूर्वीची बिअर राहिली नाही' असं जो तो म्हणतो, त्यात तथ्य किती?

मॉल्ट_मास्तर

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. एकाच नावाखाली घातल्या तर उत्तर सापडायचं नाही.

लसणासारखा किंवा जळक्या रबरासारखा वास म्हणजे उजेडाचा मार. हॉप्स नावाच्या फुलांमधून बिअरला कडूपणा देणारी जी द्रव्यं उतरतात, ती उजेडातल्या निळ्या आणि अतिनील भागाने फुटतात. त्यांचे तुकडे बिअरमधल्या गंधकाशी जुळून एक अतिशय उग्र पदार्थ बनतो. तो इतका उग्र की लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच कमी, पांढरी (पारदर्शक) जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये प्रश्नच येत नाही. हिरवी बाटली थेट उन्हात ठेवली तर काही मिनिटं पुरतात. दुकानातल्या काचेच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइटसमोर पहिल्या रांगेत उभी असेल, तर काही दिवसांत तेच होतं. उष्णतेचा याच्याशी संबंध नाही; बर्फात ठेवलेली बाटलीसुद्धा उन्हात नासते.

ओला पुठ्ठा, जुन्या वहीच्या कागदासारखी चव म्हणजे वय आणि उष्णता. झाकण लावताना बाटलीत थोडा ऑक्सिजन राहतोच. तो हळूहळू काम करतो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हे काम ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट वेगाने होतं. म्हणजे ५ अंशांवर सहा महिने तग धरणारी बाटली ३५ अंशांच्या गोदामात काही आठवड्यांतच म्हातारी होते. लेबलवरची सहा महिन्यांची मुदत बिअर 'खराब' होण्याची आहे, चव उतरण्याची नाही.

फेस बसण्याचा बाटलीशी बहुतेक वेळा संबंध नसतो. तो ग्लासचा दोष. त्यावर कुणीतरी लिहीलच.

द्वारका_सर्कल

+१. खरेदीच्या बाजूने भर घालतो.

बाटली हातात घेतली की आधी तारीख. लेबलच्या कडेला किंवा मागच्या लेबलवर बॅच नंबरच्या शेजारी उत्पादनाचा महिना छापलेला असतो, बऱ्याचदा शाई पुसट असते, मोबाइलचा टॉर्च मारा. दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, तीनपर्यंत चालेल, चारच्या पुढे उन्हाळ्यात घेऊच नका.

दुसरं म्हणजे ब्रँडपेक्षा खप बघा. ज्या बिअरची पेटी त्या दुकानात दोन-तीन दिवसांत संपते, तीच तुमची रोजची बिअर. वरच्या फळीवर धूळ खात बसलेली महागडी इम्पोर्टेड कितीही नावाजलेली असो, जहाज, गोदाम, दुकान असा प्रवास करून तिचं अर्धं आयुष्य आधीच सरलेलं असतं. आपल्या नाशिकला एक फायदा आहे. संभाजीनगरच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांच्या ब्रुअऱ्या आहेत, दोनेकशे किलोमीटरवर. लेबलवर 'फॉर सेल इन महाराष्ट्र' असतंच, त्याच्या आसपास कुठे बनली तोही पत्ता असतो. जवळची घ्या.

तिसरं, समोरची बाटली घेऊ नका. फ्रिजच्या मागच्या रांगेतली मागा, नाहीतर सरळ बंद पेटीतली गरम बाटली घेऊन घरी गार करा. हिरव्या काचेच्या बाबतीत तर हाच नियम ठेवा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

चौथं, बाटलीचं तोंड. आपल्याकडे ६५० मिलीच्या बाटल्या परत जाऊन धुऊन पुन्हा भरल्या जातात. खांद्यावर आणि बुडाशी पांढरट घासल्याच्या कड्या दिसतात त्या त्यामुळेच. त्यात काही वाईट नाही. पण झाकण काढल्यावर ओठाच्या कडेला टवका उडालेला दिसला तर ती बाटली पिऊ नका, काचेचा कण आत गेलेला असू शकतो.

गोदाकाठ

दमणहून आणली तर निम्म्या पैशांत पडते, ताजीही असते. त्याचं काय?

द्वारका_सर्कल

त्याचं असं की महाराष्ट्राचा कर न भरलेली दारू राज्यात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि दमणहून पेठमार्गे येताना मधला पट्टा गुजरातचा लागतो, तिथे तर बंदीच. वर मे महिन्यात गाडीच्या डिकीत चार-पाच तास भाजून निघालेली 'ताजी' बिअर. पैसे वाचले, चव गेली, आणि नाक्यावर गाडीही गेली तर हिशोब करा.

विषय निघालाच आहे तर: महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, स्ट्राँग बिअर आणि बाकी दारूसाठी २५. परवानाही लागतो. हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

मॉल्ट_मास्तर

ग्लिसरीनचा प्रश्न राहिला. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज दारू पिणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या पुरून उरलाय.

करतात काय, बाटली उघडून तोंडावर अंगठा ठेवायचा, उलटी करून पाण्याच्या ग्लासात बुडवायची आणि अंगठा काढायचा. तोंडातून तेलासारखे नागमोडी धागे खाली उतरताना दिसतात. 'हे बघ ग्लिसरीन निघालं!'

ते धागे म्हणजे बिअरच. माइल्ड लागरमध्ये न आंबलेली थोडी साखर आणि डेक्स्ट्रिन (यीस्टला न पचणारे पिष्टाचे तुकडे) उरतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. पाण्याची घनता १.००० धरली तर बिअरची १.००८ च्या आसपास. जड द्रव खाली उतरतो, तेवढंच पाणी वर बाटलीत शिरतं. दोन द्रवांतून उजेड वेगवेगळा वाकतो म्हणून सीमारेषा धाग्यासारखी चमकते. साखरेचा पाक पाण्यात सोडलात तरी हुबेहूब हेच दिसेल. म्हणजे तुम्ही ग्लिसरीन काढत नाही, ५०-६० मिली बिअर फेकून तिच्या जागी नळाचं पाणी भरता. वर उलटासुलट करताना गॅसही जातो.

ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, बिअरमध्ये असतं, नाही असं नाही. यीस्ट साखर आंबवताना स्वतःच ते तयार करतं, लिटरला साधारण दीड-दोन ग्रॅम. ते पूर्ण विरघळलेलं असतं. वाइनमध्ये याच्या तिपटी-चौपटीने असतं, आणि गंगापूर रोडपलीकडच्या एकाही वायनरीत कुणी बाटली पाण्यात उलटी करताना दिसत नाही.

गोदाकाठ

पण ग्लिसरीन काढल्यावर डोकं कमी दुखतं, हा अनुभव खोटा कसा म्हणायचा?

मॉल्ट_मास्तर

दुखणं कमी होतं कारण बाटलीतला जवळपास दहावा हिस्सा तुम्ही पाण्याच्या ग्लासात ओतलेला असतो. तेवढी दारू कमी. बाकी दुखण्याचं खरं कारण बघायचं तर आकडेमोड करा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ६० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ४२.८ टक्क्यांनी ते २५.७ मिली होतं. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. 'मी फक्त बिअर पितो' म्हणत तीन स्ट्राँग घेणारा सहा लार्ज घेत असतो. ४.८ टक्क्यांच्या माइल्डमध्ये हाच आकडा ३१ मिली, म्हणजे सव्वा पेग.

शिवाय स्ट्राँग बनवताना धान्याबरोबर साखर किंवा सिरपही वापरतात. आंबवण जड, तापमान चढं आणि घाई असली की यीस्ट दमतं आणि जड अल्कोहोलं जास्त सोडतं. घशाला लागणारी ती जळजळीत, थिनरसारखी झाक त्यांची. ती थंडीत दबते, म्हणूनच स्ट्राँग 'चिल्ड'च मागितली जाते.

फ्रीजर_फुटला

थंड करण्याबद्दल. नावावरून ओळखलं असेलच.

३५ अंशांची ६५० मिलीची बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ५ अंशांवर यायला पाच-सहा तास लागतात. दारातल्या कप्प्यात आणखी जास्त, कारण दार उघडबंद होत राहतं. फ्रीजरमध्ये सव्वा तास. दीड तासाच्या पुढे धोका. ४.८ टक्क्यांची बिअर उणे अडीच अंशांच्या जवळपास गोठायला लागते आणि पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. आधी झाकण उचललं जातं, नाहीतर काच तडकते. झाकण वर आलेलं दिसलं तर बाटली टाकून द्या, गॅस गेला आणि हवा शिरली.

घाई असेल तर बादली. सहा बाटल्यांसाठी ४ किलो बर्फ, बाटल्यांच्या गळ्यापर्यंत येईल इतकं पाणी (साधारण ४ लिटर) आणि २५० ग्रॅम जाडं मीठ. बर्फ नुसता घालू नका. खड्यांमध्ये हवा राहते आणि हवेतून थंडी पोचत नाही, पाण्यातून पोचते. मधूनमधून बाटल्या फिरवल्या तर २० मिनिटांत काम होतं. मीठ मोजूनच घाला. आठ लिटरला पाव किलो म्हणजे ३ टक्के, तेवढ्याने पाणी उणे दोनच्या आतच राहतं आणि बिअर गोठत नाही. हौसेने किलोभर ओतलंत तर अर्ध्या तासात बाटलीत गोळा तयार.

पेटी घरी ठेवायची असेल तर माळ्यावर अजिबात नको. स्लॅबखालचा माळा ही नाशिकच्या फ्लॅटमधली सगळ्यात तापणारी जागा. पश्चिमेची भिंतही नको. उत्तरेकडच्या खोलीत कपाटाच्या तळाशी, जमिनीलगत, उभ्या बाटल्या. आडव्या ठेवल्या तर हवेशी भिडणारा पृष्ठभाग वाढतो; ते वाइनच्या बुचासाठी असतं, इथे बूच नाही. १२ बाटल्यांची पेटी तीन आठवड्यांत संपणार नसेल तर एप्रिल-मेमध्ये आणूच नका.

देवळाली_कॅम्प

एकदा गार केलेली बाटली पुन्हा गरम झाली की बिअर 'मरते' असं ऐकलंय. लाइट गेली की मोठी पंचाईत होते.

फ्रीजर_फुटला

मरत नाही. तापमानाचं वर-खाली होणं हा दोष नाही, गरम अवस्थेत किती तास गेले ते मोजलं जातं. लाइट चार तास गेली आणि फ्रिज ५ वरून १५ वर आला तर काहीही बिघडत नाही. फ्रिजचं दार मात्र उघडू नका. हे पाश्चराइज केलेल्या बाटली-कॅनबद्दल. मायक्रोब्रुअरीतून (जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणाहून) भरून आणलेली ताजी बिअर वेगळी, तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. ती २ ते ४ अंशांवरच ठेवायची आणि भरल्यापासून दोन दिवसांत संपवायची. तिसऱ्या दिवशी आंबट लागली तर तक्रार करू नका.

काचेचा_ग्लास

फेसाचं उत्तर द्यायला आलो.

फेसाचा शत्रू तेल. ग्लासच्या आतल्या बाजूला तेलाचा किंवा साबणाचा पातळ थर असला की बुडबुड्याचं कवच फुटतं. तपासायचं असं: ग्लास पाण्याने ओला करून उलटा करा. पाण्याचा अखंड पडदा ओघळला तर स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटला तर तेलकट. दुसरी खूण बिअर ओतल्यावर दिसते. आतल्या भिंतीला जागोजागी बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तिथे मळ आहे. स्वच्छ ग्लासात ते सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटाबरोबर भिंतीवर फेसाची एक कडी मागे राहते. चार घोटांनंतर चार कड्या मोजता आल्या पाहिजेत.

दूध-ताकाचे ग्लास बिअरला वापरू नका, लोण्याचा अंश साध्या धुण्याने जात नाही. ग्लास वेगळे ठेवा, चमचाभर खाण्याच्या सोड्याने आतून चोळा, भरपूर पाण्याने विसळा, आणि फडक्याने न पुसता जाळीवर उलटे वाळवा. स्वयंपाकघरातलं फडकं म्हणजे फोडणीचा हात पुसलेलं फडकं.

ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून पांढरा करायची फॅशन आहे, ती सोडा. आतल्या बर्फाच्या कणांवर बिअर आपटली की सगळा फेस एकदम उसळतो, मग गॅस उरत नाही आणि वितळलेलं पाणी चवीत उतरतं. ओतण्याआधी ग्लास गार पाण्याने नुसता विसळा. तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून मध्यभागी ओता, दोन बोटं फेस येऊ द्या. तिरकाच ठेवून फेस टाळणारे सगळा गॅस पोटात नेतात आणि नंतर 'बिअर जड पडते' म्हणतात.

लागर ५-६ अंशांवर, गव्हाची बिअर ७-८ वर. गव्हाच्या बिअरमध्ये तळाशी गाळ असतो, तो दोष नाही. तीन चतुर्थांश ओतून उरलेली बाटली हलकेच घोळवा आणि गाळासकट ओता. होगार्डन या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते, ती २ अंशांवर प्यायलात तर पैसे पाण्यात. जीभ बधिर झाल्यावर धणे काय कळणार.

देवळाली_कॅम्प

मग मिसळ आणि बिअर चालत नाही म्हणायचं!

काचेचा_ग्लास

फेसाच्या दृष्टीने नाहीच. तर्रीचा तवंग ओठाला लागला की पहिल्या घोटाला फेस खलास. शिवाय बुडबुडे आणि तिखट एकाच वाटेने जिभेला झोंबतात, दोन्ही एकत्र आले की आग दुप्पट. कडू लागरबरोबर खारट आणि सुकं: खारे शेंगदाणे, भाजलेला पापड, मीठ-लिंबू चोळलेलं कणीस, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा. आपला कोंडाजी चिवडा चालतो, पण हात पुसून ग्लास धरा. तळलेले बोंबील खायचेच असतील तर गव्हाची बिअर, तिचा फेस प्रथिनांमुळे दाट असतो आणि थोडं तेल पचवतो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

भरपूर माहिती मिळाली, आभारी. फेसाचा दोष घरचाच निघाला, ग्लास ताकाचे होते. उरलेला प्रश्न: 'पूर्वीची राहिली नाही' हे तपासता येतं का?

मॉल्ट_मास्तर

पूर्वीची बाटली आज मिळत नाही, म्हणून थेट तुलना अशक्य. लंडन पिल्सनर या जुन्या ब्रँडची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात. पण तेव्हा ब्रँड चार, खप ठरावीक, त्यामुळे माल पटापट हलायचा. आज त्याच फळीवर चाळीस प्रकार, आणि प्रत्येकाची बाटली जास्त दिवस थांबते. जीभही कडूपणाला सरावते, पहिल्या वर्षी जे कडू लागायचं ते दहाव्या वर्षी सपक लागतं.

मात्र ताजी आणि जुनी यांत तुम्हाला खरंच फरक कळतो का, हे घरी तपासता येतं. एकाच ब्रँडच्या दोन बाटल्या घ्या, एक महिन्याभरातली, दुसरी चार-पाच महिन्यांची. दोन्ही एकाच फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. एकसारखे तीन स्टीलचे पेले घ्या, म्हणजे रंग आणि बुडबुडे दिसणार नाहीत. तुम्ही खोलीबाहेर थांबा. दुसऱ्या कुणीतरी दोन पेल्यांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, प्रत्येकी ५० मिली, क्रम मनाला येईल तसा. वेगळा पेला कोणता तेवढंच सांगायचं. 'कोणती चांगली' हे विचारायचं नाही, ते विचारलं की लोक अंदाज बांधायला लागतात. फेऱ्यांमध्ये पाणी आणि साधा पाव. अशा सहा फेऱ्या.

नुसता अंदाज मारला तरी तिनातून एकदा बरोबर येणारच. सहापैकी किमान चार बरोबर यायची शक्यता अंदाजानेही दहा टक्के असते, म्हणून चारवर खूश होऊ नका. पाच किंवा सहा बरोबर आले तर फरक खरा. योगायोगाने तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी.

द्वारका_सर्कल

यात एक भर. जुनी बाटली मुद्दाम शोधायची तर ज्या दुकानात ती बिअर कमी खपते तिथे जा, पाच महिन्यांची सहज मिळेल. आणि दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या किंवा कॅनच घ्या. हिरवी घेतलीत तर वयाचा फरक ओळखताय की ट्यूबलाइटचा, ते कळायचं नाही.